बाईंच्या तोंडून

परदेशी नेमणूक मिळाली तेव्हा वार्ताहर चाळिशीला टेकला होता. त्याआधीची सगळी वर्षं पोलीस ठाणी, नगरपालिका आणि कोर्टाच्या पायऱ्या यांतच गेली होती. बढतीची वेळ आली की ती नेमकी कुणाच्या तरी भाच्याच्या वाट्याला जायची. मग एक दिवस पार दूरच्या एका देशात लष्करानं सरकार उलथवलं, तिथं नेमलेला माणूस पाठदुखीचं निमित्त करून परत आला, आणि त्याच्या जागी जायला कुणी तयार होईना. संपादकांनी याला केबिनमध्ये बोलावलं.

"सहा महिने जाऊन या," ते म्हणाले. "तोवर निवळेल सगळं."

निवळलं नाही. सहा महिन्यांची दहा वर्षं झाली.

ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत त्याची खाट आणि कपडे, दुसरीत दोन टेबलं, एक कुरकुरणारा हीटर आणि दिवसभर चालू असलेला टीव्ही. खिडकीतून चौक दिसायचा आणि चौकात लष्कराचा रणगाडा. पहिल्या वर्षी लोक त्याला लांबून वळसा घालून जायचे. तिसऱ्या वर्षापर्यंत भाजीवाले त्याच्या सावलीला बसायला लागले.

दुसरं टेबल बाईंचं. बाई पूर्वी तिथल्या कॉलेजात परकीय भाषा शिकवायच्या. वार्ताहराची भाषा त्या पुस्तकांतून आणि रेडिओ ऐकून शिकल्या होत्या आणि ती त्यांना इतकी चांगली यायची, की वार्ताहराच्या बातमीतल्या चुका त्याच काढायच्या. नव्या सरकारनं तो विभागच बंद केला आणि बाई घरी बसल्या. लग्न केलेलं नव्हतं, घरात म्हातारी आई. वार्ताहराला दुभाषी हवी होती, बाईंना काम हवं होतं. अर्धं शहर त्यांना 'बाई' म्हणायचं, तोही म्हणायला लागला.

बाईंची एक पद्धत होती. समोरच्याचं बोलणं सांगताना त्या 'तो म्हणतो', 'ती म्हणते' असलं काही लावायच्या नाहीत. सरळ 'मी' म्हणायच्या. 'मी दार उघडलं.' 'माझ्या भावाला जीपमध्ये कोंबलं.' 'मी चपला घालायला आत गेले, तेवढ्यात ते निघून गेले.' समोरची म्हातारी ऊर बडवून घेत असायची आणि बाई तिच्या शेजारी बसून, आवाज न चढवता, बसचं वेळापत्रक वाचून दाखवावं तशा बोलत राहायच्या. त्या देशातलं सगळं दुःख वार्ताहरानं असं एकाच आवाजात ऐकलं. सुरुवातीला त्याला ते कोरडं वाटायचं. पुढे पुढे त्याच्या लक्षात आलं, की काम संपलं की परतीच्या वाटेवर बाई बराच वेळ एक अक्षर बोलत नाहीत.

त्या त्याला 'पाहुणे' म्हणायच्या.

"अहो, इतकी वर्षं राहिलेल्या माणसाला कुणी पाहुणा म्हणतं का?" तो एकदा म्हणाला.

"ज्याला घरच्यांची भाषा येत नाही तो पाहुणाच," बाई म्हणाल्या. "उद्यापासून शिकवते. फी घेणार नाही."

"उद्या नको, सोमवारी."

असे कित्येक सोमवार आले नि गेले. त्याला नमस्कार, धन्यवाद, किती झाले, डावीकडे, उजवीकडे एवढं येत होतं. बातमीच्या घाईत शिकायला सवड कुणाला? आणि खरं सांगायचं तर गरजही नव्हती. बाई होत्या ना.

घरी बायको बँकेत होती आणि मुलगी शाळेत. वर्षातून दोनदा तो जायचा. सात वर्षांची असताना मुलीनं मैत्रिणीला त्याची ओळख करून दिली होती, "हे माझे बाबा, आमच्याकडे राहायला आलेत." सगळे पोट धरून हसले होते. बायकोही हसली होती, पण भांडी जरा जास्तच जोरात आपटत होती.

त्याचं नाव झालं ते सिमेंटच्या कारखान्यामुळे. शहरापासून दिवसभराच्या अंतरावर एका गावात कामगारांनी संप केला आणि मग बातमी आली, की कारखान्यात गॅसचा स्फोट होऊन माणसं मेली. वार्ताहर आणि बाई तिथं पोहोचले तेव्हा भट्टीच्या भिंतीला साधा तडाही गेलेला नव्हता. गावात कुणी तोंड उघडेना. शेवटी एका कामगाराची बायको बोलली. तरुण होती, नवरा गेला होता. तिची एकच अट होती, रेकॉर्डर बंद ठेवायचा आणि नाव लिहायचं नाही. खिडकीला पडदा लावून ती बराच वेळ बोलली. मधेच उठून उभी राहिली, वाकली आणि कुणाचे तरी पाय धरून त्याला ओढत न्यावं तशी खोलीभर मागं मागं सरकत गेली. बाई भिंतीकडे बघत सांगत होत्या, "शिपायांनी गोळ्या घातल्या. मग माझ्या नवऱ्याला पायांना धरून असं ओढत नेलं. त्याचा एक बूट अंगणातच राहिला. तो मी धुऊन ठेवलाय."

ती बातमी जगभर गेली. सरकारनं कानांवर हात ठेवले. वार्ताहराला मंत्रालयात बोलावून दम देण्यात आला, पण परदेशी माणसाला हात लावायची त्यांची छाती झाली नाही. त्या वर्षी त्याला मोठं बक्षीस मिळालं. समारंभात तो मनापासून बोलला. "या बातमीतला शब्द न् शब्द बाईंच्या तोंडून आलाय," तो म्हणाला. "बक्षीस खरं तर त्यांचं." टाळ्यांचा कडकडाट झाला. वर्तमानपत्रानं त्याचं भाषण फोटोसकट छापलं. बाईंनी ते वाचलं आणि एवढंच म्हणाल्या, "पाहुणे, हे बोलायची काही गरज नव्हती." त्याला वाटलं, संकोचानं म्हणतायत.

पुढे दोन वर्षांनी वर्तमानपत्राचे मालक बदलले. नव्या मालकांना दूरच्या देशांत ऑफिसं ठेवणं परवडेना. एक फोन आला आणि महिन्याभरात सगळा गाशा गुंडाळायचा ठरला. टेबलं चष्मेवाल्यानं घेतली. हीटर बाईंनी नेला, आईच्या खोलीला लावायला. बाईंचं वार्ताहर-सहायक म्हणून जे सरकारी ओळखपत्र होतं, ते ऑफिसबरोबरच रद्द झालं. ते कार्ड असताना पोलीस रस्त्यात अडवायचा तो निदान विचार करून अडवायचा. आता ती आडकाठी उरली नाही.

"तुम्ही काय करणार?" त्यानं विमानतळावर विचारलं.

"शिकवण्या. पोरांना परदेशी जायची घाई झालीय, भाषा सगळ्यांनाच हवीय."

"काही लागलं तर एक फोन करा. मी आहे."

बाई हसल्या. निरोपाचं बोलणं त्यांनी कधी लांबवलं नव्हतं, त्या दिवशीही लांबवलं नाही.

घरी आल्यावर त्याला पुरवणीच्या पानांवर बसवण्यात आलं. बाकी आयुष्य मार्गी लागायला लागलं होतं. मुलगी कॉलेजात गेली होती आणि त्याच्याशी जरा मोकळेपणानं बोलायला लागली होती. अशात एका सकाळी तो दाढी करत असताना फोन वाजला. पलीकडचा माणूस वार्ताहराच्याच भाषेत, पण पाठ केल्यासारखा बोलत होता.

"मी बाईंचा विद्यार्थी बोलत आहे. आता मी वकील आहे. बाईंना पकडण्यात आलेले आहे."

वार्ताहराला एकदम आठवलं. बाई या विद्यार्थ्याबद्दल हसून सांगायच्या, 'व्याकरणात ढ होता, कायद्यात बरा निघाला.' त्यानं साबण लागलेल्या तोंडानंच सगळं ऐकलं. परक्यांसाठी खोट्या साक्षी रचून देशाची बदनामी केली, असा बाईंवर आरोप होता. कारखान्याची बातमी हाच मुख्य पुरावा. सरकारला वार्ताहर सापडत नव्हता, मग सापडेल त्याला धरलं.

तो संपादकांकडे गेला. संपादक नवे होते, भले होते. त्यांनी निषेधाचं पत्र काढलं, आतल्या पानावर बातमी लावली. पहिल्या पानाचं विचारल्यावर मात्र ते चुळबुळले. "लोकांना तो देश नकाशावर दाखवता यायचा नाही हो," ते म्हणाले. यापुढे त्यांचा इलाज नव्हता.

विद्यार्थ्याचे फोन येत राहिले. खटला उभा राहत होता. वार्ताहरानंच मग विषय काढला. आपण स्वतः येऊन साक्ष दिली तर? बातमी मी लिहिली, मी छापली, बाईंनी फक्त इकडचं बोलणं तिकडे केलं, पोस्टमननं पत्र पोचवावं तसं. पोस्टमनला कुणी पत्रातल्या मजकुराबद्दल आत टाकतं का?

विद्यार्थ्यानं ते लिहून घेतलं. "मुद्दा कायद्याच्या दृष्टीने चांगला आहे," तो म्हणाला. "परंतु बाईंचा निरोप आहे. त्यांना येऊ देऊ नकोस, असे त्या म्हणाल्या."

"माझी काळजी वाटतेय त्यांना," वार्ताहर म्हणाला. "सांगा, मला काही होत नाही."

बायकोनं त्याची बॅग भरली. शर्ट घडी करताना ती म्हणाली, "दहा वर्षं होतास तेव्हा मी कधी नको म्हटलं नाही. आज म्हणते. नको जाऊस."

"त्या तिथं माझ्यामुळे बसल्यात."

"म्हणूनच म्हणते," ती म्हणाली. पण बॅगेची चेन तिनं लावून दिली.

कोर्ट म्हणजे एक लांबट हॉल होता. वर ट्यूबलाइटच्या रांगा, खाली शाळेतल्यासारखी बाकं. एका कोपऱ्यात काचेचा पिंजरा होता आणि त्यात बाई बसल्या होत्या. अंगात राखाडी स्वेटर होता, केस कापून टाकले होते. वार्ताहराला आत येताना त्यांनी पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. ओळख दिली नाही. त्याला वाटलं, बरोबर आहे, सगळ्यांसमोर कशाला.

साक्षीला सरकारनं एक तरुण दुभाषा दिला होता. वार्ताहरानं ठरवलेलं सगळं स्वच्छ सांगितलं. बातमी माझी, जबाबदारी माझी, बाईंचा तिच्याशी पगारापुरता संबंध. न्यायाधीश मान डोलावत होते. विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मग सरकारी वकील उठला. पन्नाशीचा, मृदू आवाजाचा, पाहुणचार करायला उठावं तसा उठला.

"आपण आमच्या देशात किती वर्षं होता?"

"दहा."

"म्हणजे आमचेच झालात. आमची भाषा येत असेल?"

"थोडीफार."

सरकारी वकील हसला आणि स्वतःच्या भाषेत, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं काहीतरी बोलला. वार्ताहरानं कान टवकारले. एकही शब्द ओळखीचा लागेना. वकिलानं तेच वाक्य आणखी सावकाश म्हटलं. बाकांवर खसखस पिकली.

"ते विचारतात," तरुण दुभाषा म्हणाला, "तुम्हाला मुलं किती?"

"एक मुलगी," वार्ताहर म्हणाला.

"मग कारखान्यातली ती विधवा काय बोलली, ते तुम्हाला कसं कळलं?"

"बाईंनी सांगितलं."

"आणि इतर साक्षीदार? सगळ्या बातम्या? दहा वर्षं?"

"बाईंनीच."

"म्हणजे आमच्या देशातल्या एकाही माणसाचं एकही वाक्य तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलेलं नाही. तुम्ही ऐकलं ते या बाईचं." त्यानं एक कात्रण उचललं. "हे तुमचंच भाषण. 'या बातमीतला शब्द न् शब्द बाईंच्या तोंडून आलाय.' बरोबर वाचलं ना मी?"

आपण कशावर पाय दिला ते वार्ताहराला तेव्हा कळलं. तो घाईघाईनं म्हणाला, "मी डोळ्यांनी पाहिलंय! ती बाई वाकून दाखवत होती, नवऱ्याला पाय धरून कसं ओढत नेलं ते."

"तिनं हातांनी दाखवलं. कुणी ओढलं, हेही हातांनीच सांगितलं का? स्फोटानंतर नवऱ्याला आगीतून आपणच बाहेर ओढलं, असं ती दाखवत नसेल कशावरून?"

मग त्या विधवेलाच आणण्यात आलं. ती वाळली होती. तिनं वार्ताहराकडे पाहिलं नाही, पिंजऱ्याकडे तर नाहीच. खाली मान घालून ती बोलायला लागली. तरुण दुभाषा त्याच्या कामातून मोकळा झाला होता, वार्ताहराला काही सांगायला आता कुणी बांधील नव्हतं. त्यानं सवयीनं बाईंकडे पाहिलं.

काचेपलीकडे बाईंचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता, पण दहा वर्षं त्यानं ते ओठ पाहिले होते. विधवा बोलत होती आणि बाई, बहुधा स्वतःच्याही नकळत, ते त्याच्या भाषेत करत होत्या. 'मी असं काही बोलले नव्हते. माझा नवरा स्फोटात गेला. बाकीचं या बाईंनी जोडलं.' स्वतःविरुद्धची साक्षसुद्धा त्या 'मी' म्हणून सांगत होत्या. मग त्यांच्या ते ध्यानात आलं असावं. त्यांनी तोंडावर हात घेतला आणि खोकल्या.

दुपारी विद्यार्थ्याला तुरुंगात कागदांवर सह्या घ्यायला जायचं होतं. त्यानं वार्ताहराला बाईंच्या घरी सोडलं. "आई एकट्या आहेत, आपण बसावे," एवढंच तो म्हणाला. दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

आईनं दार उघडलं, त्याचा हात धरून स्वयंपाकघरात बसवलं. ऑफिसातला हीटर कोपऱ्यात कुरकुरत होता. चहा झाला. मग म्हातारी त्याच्या समोर बसली आणि बोलायला लागली. ती खूप वेळ बोलली. आवाज चढला नाही, रडणं नाही. मधेच त्याच्या गुडघ्यावर हात ठेवायची, मधेच स्वतःच्या छातीवर. एक शब्द पुन्हा पुन्हा यायचा. वार्ताहर मान हलवत राहिला. तिला काय म्हणायचंय ते त्याला आतून पक्कं ठाऊक होतं. ती त्याला शाप देत होती, नाहीतर माफ करत होती. दोन्हीला मान हलवण्यापलीकडे तो काय करणार? त्याचे डोळे भरून आले. ते बघून म्हातारी गप्प झाली, नवल वाटल्यासारखी त्याच्याकडे बघत राहिली आणि कप विसळायला उठली.

विद्यार्थी घ्यायला आला तेव्हा वाटेत वार्ताहरानं तो शब्द त्याला जमेल तसा उच्चारून दाखवला. "याचा अर्थ काय?"

"खोकला," विद्यार्थी म्हणाला. "का बरे?"

"त्या सारख्या म्हणत होत्या."

विद्यार्थी चालता चालता थांबला. "होय. बाईंना तुरुंगात खोकला लागलेला आहे. रक्त पडते. परदेशी माणसाने अर्ज केला तर बाहेरचे औषध आत देतात, असा नियम आहे. अर्जाचा आज शेवटचा दिवस होता. आईंना स्वतःच विनंती करायची होती. मी म्हणालो, पाहुण्यांना सांगा, मी येईपर्यंत ते कचेरीत जाऊन येतील. कचेरी समोरच आहे. खाणाखुणांनी कळेल, असे मला वाटले." त्यानं घड्याळ पाहिलं. "आता बंद झाली."

दुसऱ्या दिवशी वार्ताहर उजाडताच त्या कचेरीच्या दारात जाऊन उभा राहिला. कचेरी उघडण्याआधीच दोन साध्या वेषातले पोलीस आले आणि त्याला गाडीत बसवून विमानतळावर घेऊन गेले. पासपोर्टवर शिक्का पडला, परत प्रवेश नाही. निकाल त्याला घरी आल्यावर कळला. सात वर्षं. निकालपत्रात त्याच्या साक्षीचा खास उल्लेख होता. प्रामाणिक परदेशी साक्षीदारानं सत्य सांगून न्यायालयाला मोलाची मदत केली, असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं.

त्यानंतर वार्ताहर बराच काळ माणसांत नव्हता. पुरवणीची पानं लावायचा, घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. सगळ्यात वाईट गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. कोर्टातून परतताना विमानात त्याच्या मनात येऊन गेलं होतं, बाईंनी खरंच जोडलं असेल तर? त्या सरकारी वकिलानं विचारलं ते खोटं कुठं होतं? ज्या बाईंवर त्यानं दहा वर्षं डोळे झाकून विश्वास टाकला, त्यांच्यावर तो एका दिवसात शंका घ्यायला लागला होता. ती शंका तो झटकायचा आणि ती पुन्हा येऊन बसायची.

मुलीनंच एक दिवस तिच्या कॉलेजातली एक मुलगी घरी आणली. त्या देशातून पळून आलेल्या कुटुंबातली. "बाबा, ही तुला भाषा शिकवेल," मुलगी म्हणाली. "सोमवारपासून नाही, आजपासून."

तो शिकला. पन्नाशी उलटल्यावर नवी भाषा म्हणजे दगडावर रेघ ओढणं, पण तो शिकला. बायको स्वयंपाक करताना त्याचे शब्द घ्यायची. खोकला. औषध. अर्ज. कचेरी. विद्यार्थ्याला तो आता त्याच्याच भाषेत लिहायचा आणि विद्यार्थी हट्टानं वार्ताहराच्या भाषेत उत्तर द्यायचा. औषधं तिसऱ्याच देशातल्या एका संस्थेकडून जायला लागली. किती आत पोचत होती, कळायला मार्ग नव्हता. मधे एका हिवाळ्यात बाईंची आई गेली. बाईंना अंत्यसंस्काराला सोडलं नाही.

चौथ्या वर्षी बाईंना सोडून दिलं. दया म्हणून नव्हे, एक फुप्फुस निकामी झालं होतं आणि तुरुंगात मेलेली बाई सरकारला नको होती. अट अशी, की परक्या भाषेत कुणाशी बोलायचं नाही. त्यांचा फोन ऐकला जात होता. बातमी देताना विद्यार्थ्यानं नंबर दिला आणि लिहिलं, 'आपली इच्छा असल्यास एकदा करावा. दुपारी त्या जाग्या असतात.'

रविवारी दुपारी त्यानं फोन लावला. बायको शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. बराच वेळ घंटा वाजली. मग बाईंचा आवाज आला. त्यांच्या भाषेत तो आवाज वेगळाच होता, वर-खाली होणारा, थोडा उतावळा. इतक्या वर्षांत हा आवाज आपण कधी लक्ष देऊन ऐकलाच नव्हता, असं त्याला वाटलं.

"बाई, मी बोलतेय," वार्ताहर म्हणाला. "मी तुमची भाषा शिकले."

मग बाई हसल्या, हसता हसता खोकल्या, आणि तो खोकला लवकर थांबला नाही.

"मुलीनं शिकवलेलं दिसतंय," त्या म्हणाल्या. "पुरुष 'शिकले' म्हणत नाहीत. 'शिकलो' म्हणतात."

"शिकलो."

"आता बरोबर."

त्यानं पाठ केलेलं सगळं बाजूला सारलं. "मी यायला नको होतं," तो म्हणाला. "तुम्ही निरोप दिला होता. मला वाटलं, तुम्हाला माझी काळजी वाटतेय."

"मला माझी काळजी वाटत होती," बाई म्हणाल्या. रागानं नाही. बसचं वेळापत्रक सांगावं तसं.

एक प्रश्न त्याच्या जिभेवर होता, पण तिसरा कान ऐकत असताना तो विचारायची सोय नव्हती, आणि विचारायचा अधिकारही त्याला राहिला नव्हता. मग बाईच बोलल्या.

"त्या कारखान्याकडची बाई येते माझ्याकडे. पार गावाहून येते. काही बोलत नाही. रडते, भांडी घासते, लादी पुसते. मी नको म्हटलं तरी ऐकत नाही. गेल्या वेळी पिशवीतून एक बूट घेऊन आली. म्हणाली, तुमच्याकडे राहू दे." त्या दम खायला थांबल्या. "आईच्या खोलीत ठेवलाय."

वार्ताहरानं डोळे पुसले. "मी औषध पाठवतो. आता नीट पोचेल."

"पाठवा. पण फोन करू नका परत. परदेशातून फोन आला, की दोन दिवसांनी माणसं येतात, घर उपसतात. मला आता उठून आवरायला होत नाही."

"नाही करणार."

"बरं," बाई म्हणाल्या. "ठेवते."

त्यानं फोन खाली ठेवला. बायकोला त्यातलं काही कळलं नव्हतं. काय म्हणाल्या, असं तिनं विचारलं. तो पहिल्यापासून सांगायला लागला, एकही वाक्य गाळलं नाही. फोन करू नका म्हणाल्या, तेही सांगितलं. ऐकून झाल्यावर बायको उठली, त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि औषधाची मागणी आजच पाठवायची का, असं विचारत कागद आणायला आत गेली.